चर्चिल यांच्या पदकाच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही हकीगत सांगताना ते लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीचा आपला ‘इटली स्टार’ (इटलीच्या मोहिमेसाठीचे ताऱ्याच्या आकाराचे पदक) ट्रंकेतून काढून आमच्या तळहातावर ठेवत. त्याच मोहिमेचा तोच तारा ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनाही मिळाला होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामुळे चर्चिल यांच्याविषयी मला आदर नाही. परंतु शिपायाला आणि पंतप्रधानाला एकच तारा मिळावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्याच फोनवर हे सारे मी जुन्या पदकांच्या एका विक्रेत्याला सांगून बसलो.

पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यातून चर्चिल यांचा स्वतःचा इटली स्टार आपल्या हाती आला आहे, असे त्याने तिसऱ्या दिवशी कळवले. त्याची माहिती पक्की होती. चर्चिल यांनी १९४५ मध्ये नाकारलेला ‘गार्टर’ हा किताब १९५३ मध्ये स्वीकारला, त्याच वर्षी त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले, १९६३ मध्ये अमेरिकेने त्यांना मानद नागरिकत्व दिले, हे तो न अडखळता सांगत होता, आणि मी प्रत्येक सनावळी पुस्तकांत पडताळून पाहत होतो. सन्मानांचा इतिहास खरा निघाला, म्हणून तारा खरा असणार, असे मी धरून चाललो. माझी चूक झाली ती इथेच. तारा मी फोटोत फक्त समोरून पाहिला होता. मागची बाजू दाखवा, असे एकदाही म्हटले नाही.

मी ६५ हजार रुपये पाठवले. कुरिअरने तारा आला. सोबत जुनाट कागदावर टंकलिखित प्रमाणपत्र आणि भेट म्हणून चर्चिल यांची छबी असलेले १९६५ चे ‘चांदीचे’ नाणे होते. ताऱ्याच्या पाठीवर चर्चिल यांचे नाव कोरलेले होते. पदकांचा अभ्यास असलेल्या एका स्नेह्यांनी भिंगाखाली ती अक्षरे मला दाखवली: तारा काळवंडलेला होता, पण अक्षरांच्या खाचांमधला धातू पिवळाधमक चमकत होता आणि कडांना बोटाला टोचणारी कूस होती, म्हणजे अक्षरे अलीकडेच कोरलेली होती. शिवाय ब्रिटनने आपल्या लोकांना दिलेले हे तारे बिननावाचे असत. म्हणजे ज्या नावासाठी मी पैसे मोजले, तेच नाव खोटेपणाचा पुरावा होते. नाणे मात्र अस्सल निघाले, फक्त ते चांदीचे नव्हते. चर्चिल यांच्या निधनानंतर ब्रिटनच्या टांकसाळीने काढलेले ते पाच शिलिंगांचे क्राउन तांबे-निकेलचे असून त्याच्या सुमारे १ कोटी ९६ लाख प्रती निघाल्या होत्या, त्यामुळे ते दुर्मीळ म्हणता येत नाही. सराफाने ते काट्यावर ठेवले तेव्हा वजन २८ ग्रॅमच्या थोडे वर भरले. त्याच आकाराचे चांदीचे नाणे याहून जड भरले असते.

विक्रेत्याचा फोन त्याच संध्याकाळी बंद झाला. मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवून तोवर अकरा दिवस उलटले होते आणि त्या खात्यात काहीही शिल्लक नव्हते. घरच्यांना सांगायची लाज वाटून यातले चार दिवस मी गप्प राहिलो, ते राहायला नको होते. अशी वस्तू घेणाऱ्यांनी मागच्या बाजूचे जवळून काढलेले फोटो आणि काट्यावरचे वजन हाती येईपर्यंत विसारही देऊ नये, आणि फसल्याचे कळताच त्याच तासाला फोन करावा, एवढे कळकळीने सांगतो.

गेल्या महिन्यात मला आणखी एक ‘चर्चिल यांचा इटली स्टार’ विक्रीला आलेला दिसला. फीत कोरी करकरीत होती, प्रमाणपत्राचा मजकूर शब्दशः माझ्याकडच्यासारखा होता आणि किंमत ८० हजार रुपये सांगितली होती. मी त्याचे फोटो पोलिसांकडे दिले आहेत.