कॉर्डिसेप्सच्या कल्चरमध्ये झालेली फसवणूक: दोष खोलीचा की बियाण्याचा?

कॉर्डिसेप्स मिलिटारिस या नारंगी औषधी बुरशीचं कल्चर, म्हणजे बरणीत पेरायची जिवंत बुरशी, विकत घेऊन बरण्या भरल्या, त्याला महिना उलटला. तांदळावर पांढरा कापूस दाट चढला आहे, पण नारंगी रंगाचा ठिपकाही नाही. फोन केला तर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: "तुमच्या खोलीचं तापमान वर गेलं असणार." पैसे आधीच पोचते झालेले, आणि महिन्यापूर्वी खोलीत किती अंश होते याचा पुरावा कुणाकडेच नसतो. कॉर्डिसेप्स मिलिटारिसच्या कल्चर विक्रीतली फसवणूक नेमकी या फटीत बसते.

म्हणून खोलीची बाजू आधी पक्की करा. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस, आणि त्याची नोंद डेटा लॉगरवर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रावर. २५ च्या वर सतत राहिलं तर फळधारणा, म्हणजे बुरशीचे नारंगी कोंब येणं, बिघडते. तेवढ्यापुरतं विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे. बरणीत २५-३० ग्रॅम हातसडीचा तांदूळ, त्याच्या साधारण सव्वा ते दीडपट पोषक द्रावण, मग १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने निर्जंतुकीकरण. द्रावण जास्त झालं तर भाताचा गोळा होतो आणि बुरशी तळापर्यंत उतरतच नाही. बरणीत कल्चर टाकल्यानंतर साधारण आठवडाभर, पृष्ठभाग पांढरा होईपर्यंत, अंधार. त्यानंतर रोज १२ तास ५०० ते १००० लक्स (उजेडाचं माप) प्रकाश, आर्द्रता ८० ते ९० टक्के आणि खेळती हवा.

प्रकाश लागला की सशक्त कल्चर काही दिवसांतच पिवळसर-नारंगी होतं. सगळा निवाडा या टप्प्यावर होतो. हिरवे-काळे डाग दिसले तर दोष निर्जंतुकीकरणाचा किंवा हाताळणीचा, आणि तो बहुधा काही बरण्यांपुरताच असतो. पण बरण्या स्वच्छ आहेत, लक्स मीटर बरोबर दाखवतोय, लॉगर २० अंश सांगतोय आणि तरी सगळ्याच्या सगळ्या बरण्या पांढऱ्याफटक राहिल्यात, तर कल्चर थकलेलं आहे. ही बुरशी वारंवार उपसंवर्धन केलं, म्हणजे जुन्या कल्चरचा तुकडा घेऊन नवं वाढवत राहिलं, की फार लवकर ऱ्हास पावते: आधी रंग जातो, मग फळं. वाढ मात्र जोमदार दिसते, त्यामुळे घेणारा फसतो. रंग आला पण फळं आली नाहीत, तर आणखी एक शक्यता असते. या बुरशीचे दोन मेटिंग टाइप असतात, नर-मादीसारखे एकमेकांना पूरक. कल्चरमध्ये एकच असेल तर फळं येत नाहीत किंवा वांझ येतात. एकाच बीजाणूपासून काढलेलं कल्चर 'शुद्ध स्ट्रेन' (शुद्ध वाण) म्हणून गळ्यात मारलं जातं, तेव्हा हेच होतं.

हे सगळं पैसे देण्याआधी तपासता येतं. द्रवातल्या कल्चरची नुसती इंजेक्शनची सिरिंज घेऊ नका, अगार प्लेट मागा, म्हणजे जेलीसारख्या थरावर बुरशी वाढवलेली काचेची चपटी बशी. बुरशी अर्धी प्लेट व्यापेपर्यंत ती अंधारात ठेवा, मग उजेडात. चार-पाच दिवसांत रंग धरला नाही तर व्यवहार तिथेच थांबवा. रंग धरला तरी लगेच मोठी ऑर्डर नको. दहा बरण्या पूर्ण काढणीपर्यंत न्या. हे कितवं उपसंवर्धन आहे, हे लेखी घ्या. सांगायला टाळाटाळ झाली की समजायचं.

तुम्ही पिकवलेला 'माल आम्हीच परत घेऊ' हा विक्रेत्याचा करार त्याहून चलाख असतो. त्यात ओलावा आणि कॉर्डिसेपिनचं (या बुरशीतल्या औषधी द्रव्याचं) प्रमाण यांची अट असते, आणि तपासणार कोण, तर माल परत घेणाराच. वाळवलेल्या एकाच मालाचे तीन सीलबंद नमुने करा: एक त्यांना, एक त्रयस्थ प्रयोगशाळेत एचपीएलसी चाचणीला (ती द्रव्याचं प्रमाण मोजते), एक स्वतःकडे. ही अट करारात घालायला जो नाही म्हणतो, त्याला माल परत घ्यायचाच नसतो.

बरणीतल्या या पिकाला कुणी 'हिमालयातली कीडा जडी' म्हणत असेल तर तेही खोटं. ती वेगळी प्रजाती, ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. पतंगाच्या अळीवर उगवते, तपकिरी असते. आणि पावडर घेणाऱ्यांनी एवढं करावं: चिमूटभर पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च आहे, म्हणजे बहुधा फळांबरोबर तांदूळही दळला गेलाय.