मोठी पेटी की बेंचटॉप? सातारा-सांगलीच्या आयव्हीएफ लॅबसाठी

आयव्हीएफमध्ये (टेस्ट-ट्यूब बेबी) भ्रूण शरीराबाहेर उबेत वाढवणारा इन्क्युबेटर दोन प्रकारचा: कपाटासारखी मोठी पेटी आणि टेबलावर मावणारा, छोट्या कप्प्यांचा बेंचटॉप. मोठ्या पेटीचं दार उघडलं की तापमान आणि वायू पूर्ववत व्हायला पंधरा-वीस मिनिटंही लागतात. भ्रूणांची डिश एका जोडप्याची काढली, तरी झळ आतल्या सगळ्यांच्या भ्रूणांना. बेंचटॉपमध्ये डिश गरम तळावरच बसते, कप्पा छोटा, काही मिनिटांत सगळं जागेवर. ऑक्सिजन ५ टक्क्यांवर ठेवायला मोठी पेटी नायट्रोजनचे सिलिंडर भराभर संपवते. बेंचटॉपचं थोडक्यात भागतं. पण ५ टक्क्यांवर काटकसर नकोच, साध्या हवेपेक्षा तिथे निकाल चांगले येतात.

बेंचटॉपची खोड वेगळी. बरेचसे कोरडे, म्हणजे आत बाष्प नसलेले असतात. भ्रूण मीडियाच्या (पोषक द्रवाच्या) थेंबात असतं आणि थेंबावर ऑइलचा थर. ऑइल कमी पडलं की थेंबातलं पाणी उडतं, ऑस्मोलॅलिटी (द्रवात विरघळलेल्या क्षारांची तीव्रता) ३०० च्या वर सरकते आणि भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे पाचव्या दिवसाच्या अवस्थेच्या, आधीच अडखळू शकतं. डिश गार पृष्ठभागावर, एका वेळी दोन-तीनच बनवा. थेंब पडला की लगेच ऑइल. शिवाय इन्क्युबेटर तापवतो, गार करत नाही. सांगलीच्या मे महिन्यात एसी बंद पडला तर कप्पा ३७ अंशांच्या वर जाईल. वीज गेल्यावर मात्र मोठी पेटी ऊब जास्त वेळ धरते.

आता खरी मेख: मीडियाचा पीएच (आम्लतेचं माप) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ठरवतो आणि मुंबईचा सीओटूचा आकडा इथे चालत नाही. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर, हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० ऐवजी ७०० मिमीच्या आसपास. बाष्पाचे ४७ वजा करून हिशेब केला, तर मुंबईतल्या ६ टक्क्यांसाठी इथे साधारण ६.५ लागतात. नाहीतर पीएच ०.०४ ने चढतो, ७.२५ ते ७.३५ च्या पट्ट्यात हे थोडं नव्हे. म्हणून तयार मिश्रणाच्या सिलिंडरवर चालणारं मॉडेल घेताना जपून. ६ टक्क्यांचा सिलिंडर आला की बदलायला वाव नाही. आत वायूंचा मिक्सर असलेलं घ्या. डिस्प्लेवर विसंबू नका: ऑइलखाली रात्रभर ठेवलेल्या मीडियाचा पीएच मोजा, तोही झटपट, कारण बाहेर काढताच तो चढतो.

टाइम-लॅप्सचा, म्हणजे आतल्या कॅमेऱ्याने भ्रूणांचे सतत फोटो घेणाऱ्या इन्क्युबेटरचा, मोह होतोच. पण २०२४ च्या १,५७५ जोडप्यांच्या चाचणीत जिवंत जन्मांचं प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढलं नाही. त्या पैशात मिक्सरवाले दोन बेंचटॉप घ्या आणि प्रत्येकाला वेगळा यूपीएस द्या. जुनी मोठी पेटी असेल तर मोडीत काढू नका. मीडिया आदल्या रात्री तयार ठेवायला ती उत्तम.