दुसऱ्या राउटरच्या नावाखाली घातलेली ४,८०० रुपयांची टोपी

इंटरनेटच्या फायबरचा डबा (मुख्य राउटर) हॉलमध्ये, मागची बेडरूम दोन भिंती आणि एका आरसीसी कॉलमच्या पलीकडे. आत मोबाइलला वाय-फायची जेमतेम एक काडी. ही तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या एका घराच्या हातात शेवटी एक चिठोरं आलं: मेश राउटर २,४००, कॅट-६ केबल ३० मीटर ९००, कॉन्फिगरेशन १,५००. पक्की पावती नाही, सिरीयल नंबर नाही. तासाभरात काम उरकलं, आतल्या खोलीत काड्या फुल झाल्या, पैसे यूपीआयने गेले. अशी फसवणूक पचते ती इथेच. वाय-फाय लागतं, व्हिडिओ चालतो, मग शंका घेणार कोण? पण काड्या सांगतात त्या फक्त मोबाइल आणि जवळच्या राउटरमधलं. त्या राउटरच्या पाठीमागे किती येतंय, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

प्लॅन २०० एमबीपीएसचा होता. हॉलमध्ये १९०च्या पुढे मिळत होतं, आतल्या खोलीत मात्र काटा ९४च्या वर हलेना. हा आकडा ओळखून ठेवा. दरवेळी ९४-९५वरच अडकत असेल तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी बसलेली आहे, हे जवळजवळ नक्की.

इथे ती दोन ठिकाणी होती. राउटरच्या खोक्यावर ठळक ‘१२००’ छापलेलं. ती बेरीज फक्त वाय-फायच्या वेगांची: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७, मिळून वर गोल केलेले. मागचे केबलचे पोर्ट १०/१००चेच, म्हणजे फार तर १०० एमबीपीएसचे. खोक्यावर ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट पोर्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो १००चा आहे असं धरूनच चाला.

दुसरी गोम केबलच्या टोकाला. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला तर आत आठऐवजी चारच तारा दिसत होत्या, बाकीच्या कापून टाकलेल्या. १००च्या जोडणीला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात, त्यामुळे दिवा लागतो आणि कारागीर सुटतो. गिगाबिटला, म्हणजे १०००च्या जोडणीला, आठही लागतात. दोन्ही टोकांना क्रम सारखा हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पुन्हा क्रिम्प करायला, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायला, दोन कनेक्टर आणि पाच मिनिटं लागतात. त्यासाठी नवी केबल घ्यायला लावणारा दुसऱ्यांदा लुटतोय.

केबल मात्र खरंच टाकाऊ निघाली. ब्लेडने तार हलकेच खरवडली तर वरचा तांबूस मुलामा जाऊन आत चंदेरी ॲल्युमिनियम दिसलं. बाजारात याला ‘सीसीए’ म्हणतात आणि ते बिनदिक्कत कॅट-६ म्हणून खपवलं जातं. तांब्याच्या मानाने त्याचा रोध साधारण दीडपट, कोपऱ्यात दोन-तीनदा वाकवलं की तार तुटते, आणि केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा लावायचा असेल तर ते वापरूच नये. लांबीतही हात मारलेला. जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो: एका टोकाला ४१२, दुसऱ्याला ४३१. म्हणजे १९ मीटर. पैसे ३०चे.

‘मेश’ हा शब्द तर सरळ खोटा. मेशचे डबे एकमेकांना ओळखतात, एकाच ॲपमध्ये दिसतात. इथे साधा राउटर होता. तसं पाहिलं तर ओढलेल्या केबलवर साधा राउटर या घराला पुरेसाच आहे, पण तो नीट जोडलेला हवा. ज्याचे १,५०० घेतले ते कामच चुकलं होतं. केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टात, खुपसून दिलेली, त्यामुळे एका घरात दोन वेगळी नेटवर्क: हॉलमधले पत्ते १९२.१६८.१.x, आत १९२.१६८.०.x. आतल्या खोलीतल्या मोबाइलला हॉलमधला टीव्ही सापडत नाही, हॉलमधल्या लॅपटॉपला आतला प्रिंटर. मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात दोन्ही खोल्यांतला आयपी, म्हणजे हाच पत्ता, पाहा, मिनिटात कळतं.

दुरुस्ती घरीच होते. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (वेगळं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पसरवायची सोय) असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर लॅपटॉप फक्त त्याच राउटरला केबलने जोडा. आधी त्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कवरचा) आयपी १९२.१६८.१.२ करा. मुख्य डबा १९२.१६८.१.१वर असतो असं धरलंय. मुख्य डब्याच्या डीएचसीपी यादीत (आपोआप वाटल्या जाणाऱ्या आयपींच्या यादीत) .२ येत असेल तर यादी .१०पासून सुरू करा. राउटर रीस्टार्ट झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला आयपीच मिळत नाही आणि मग हाताने आयपी टाकत बसावं लागतं. शेवटी मुख्य डब्याच्या लॅनमधून आलेली केबल दुसऱ्याच्याही लॅनमध्येच लावा, वॅन रिकामा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल वेगळे, १, ६, ११ यांपैकी. फायबरच्या काही डब्यांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, बहुधा पहिला. केबल त्यातच हवी.

राउटरच्या सेटिंग्ज पॅनेलचा पासवर्ड त्या कारागिराने ‘admin’ ऐवजी स्वतःला ठाऊक असलेला ठेवला असेल, तर तो त्याच दिवशी बदला. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरच्या सेटिंग्ज बदलायची सोय) बंद करा. डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात अनोळखी आकडे दिसले तर पुसून ‘ऑटोमॅटिक’ करा. आणि फायबरच्या डब्याचं रीसेटचं भोक कोणाला दाबू देऊ नका. आतल्या कंपनीच्या सेटिंग्ज उडतात, इंटरनेट बंद पडतं आणि ते ‘दुरुस्त’ करायचे वेगळे पैसे मागितले जातात.

पैसे देण्याआधी लॅपटॉप त्या केबलला लावून लिंक स्पीड १००० दिसतो का ते कारागिरासमोर पाहा. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या तपशिलात तो लिहिलेला असतो. पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, केबल तांब्याची की सीसीए आणि मोजलेले मीटर लिहून घ्या. दुकानदार हात वर करतो तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार करताना तीच पावती लागते. नसेल तर निदान यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्या चिठोऱ्याचा फोटो आणि जॅकेटवरच्या दोन आकड्यांचे फोटो जपून ठेवा.