वाणाच्या डब्यांची ग्रुप ऑर्डर आणि मधल्यामध्ये गेलेले पैसे

आमच्याकडे फोंड्यात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि वाण काय द्यायचं याची चर्चा डिसेंबरातच सुरू होते. स्टीलच्या वाट्या आणि गाळण्या एव्हाना प्रत्येकीच्या कपाटात ढीगभर साठल्या आहेत. त्यामुळे घरी येऊन हवाबंद डबे दाखवणारी एक बाई आहे, दहाजणी जमल्या तर सूट मिळते, असं धाकट्या जाऊबाईंनी सांगितलं तेव्हा कुणीच नाही म्हटलं नाही. आमचा हॉल मोठा, म्हणून पार्टी आमच्याकडे ठरली.

बाई बोलायला एकदम तयार. डब्यात पाणी भरून तो सगळ्यांच्या डोक्यावरून उलटा फिरवला, एक थेंब सांडला नाही. मग म्हणाली, "पुरमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बांगडे यात भरून ठेवा. शेजारच्या साखरेला वास लागला तर डबा परत, पैसे परत." गोव्याच्या बाईला याहून वेगळं काय सांगावं लागतं? चहा-फोव संपेपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या ऑर्डरी लिहून झाल्या होत्या. लहान डबे वाणासाठी, मोठे घरासाठी. एकूण ३८,६०० रुपये.

आता पैशांचं ऐका, कारण खरी गोम तिथे आहे.

ती म्हणाली, ग्रुपची सूट हवी असेल तर कंपनीकडे एकच पेमेंट जावं लागतं. "सगळ्यांनी वहिनींना पाठवा, वहिनी मला एकरकमी पाठवतील. महिन्याचं क्लोजिंग आहे, उद्या दुपारच्या आत झालं तर होस्टची भेटवस्तूही लागते." होस्ट म्हणजे मी. बायकांनी तिथेच बसून माझ्या नंबरावर पैसे टाकले, दोघीतिघींनी रोख दिले. रात्री मी तिने दिलेल्या नंबरावर पैसे पाठवायला गेले तर स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. फोन केला. "मिस्टरांचं खातं आहे, माझी आजची लिमिट संपली." हे उत्तर इतक्या सहज आलं की ती ते रोज कुणाला ना कुणाला देत असावी.

पावत्यांचं तसंच. तिच्याकडे कंपनीचं छापील ऑर्डर बुक होतं, खाली कार्बन घालून दुसरी प्रत निघायची. पहिल्या चौघींना प्रती फाडून दिल्या. मग म्हणाली बुक संपलं, बाकीच्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर करूया, ऑर्डर तीच धरली जाते.

पुढे नेहमीचंच रामायण. आधी साइट बंद, मग रंगाचा स्टॉक नाही, मग गाडी अडकली. संक्रांत तोंडावर आली तेव्हा तिने ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवला. सगळी नावं, सगळे डबे, खाली बेरीज, सगळं बरोबर. माझा भाचा दुकानाचे हिशेब बघतो, त्याने तो मोठा करून पाहिला. ऑर्डर नंबर कुठेच नव्हता. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कार्टचं चिन्ह होतं आणि तळाशी पैसे भरा असं बटण अजून हिरवं दिसत होतं. म्हणजे माल निवडला होता, पैसे भरलेच नव्हते. पैसे भरलेल्या ऑर्डरीवर ते बटण कशाला राहील?

त्यानंतर दोनच दिवसांत एक खोका आला. त्यात आमच्या यादीतले थोडे डबे, तेही भलत्याच रंगाचे, आणि एक बिल. बिलावर ऑर्डरची तारीख आमच्या पार्टीच्या आधीची! तेव्हा उलगडा झाला. कुर्टीच्या बाजूला कुणाकडे तरी आधी पार्टी झाली होती, तो माल तिने आमची तोंडं बंद करायला इकडे वळवला. आमच्या पैशांतून आणखी कुणाचं तरी जुनं देणं भागवलं असणार. याची टोपी त्याच्या डोक्यावर. महिन्याच्या विक्रीवर कमिशन ठरत असल्यामुळे क्लोजिंगच्या दिवशी रोकड हातात आली की आधी मागची भोकं बुजवायची, हे या धंद्यात शिरलेल्या एखादीला फार सोपं जातं. सगळ्याच अशा असतात असं मी म्हणत नाही. माझ्याच ओळखीची एकजण वर्षानुवर्षं सौंदर्यप्रसाधनं विकते आणि रुपयाचाही घोळ नाही. पण ती कधी स्वतःच्या खात्यावर पैसे घेत नाही.

यात होस्टची जी गत होते ती मुद्दाम सांगते. मला तर एक डबाही नफा नव्हता, पण शेजारणींच्या बँकेच्या नोंदीत नाव माझं. शेजारच्या मामी देवळातून येताना दारात थांबून विचारायच्या, "तुझे डबे आयले काय गो?" तुझे! त्या बाईचं नाव त्यांना आठवतही नव्हतं. आणि त्यांचं काही चुकीचं नव्हतं, त्यांनी पैसे मला दिले होते. उद्या कुणी तक्रार केली असती तर पहिला प्रश्न मलाच आला असता.

कंपनीला मेल केला तर पहिलं उत्तर आलं की या विक्रेतीच्या नावावर त्या तारखेला ऑर्डर नाही आणि वैयक्तिक खात्यावर दिलेल्या पैशांशी आमचा संबंध नाही. यावर गप्प बसू नका. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने थेट विक्रीचे ग्राहक संरक्षण नियम आणले, त्यात आपल्या विक्रेत्यांनी केलेल्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारींना कंपनी जबाबदार आहे असं स्पष्ट आहे. तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो, त्याने ४८ कामकाजाच्या तासांत पोच द्यायची आणि साधारण महिन्याभरात निकाल लावायचा. विक्रेत्याने स्वतःचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, ऑर्डरची तारीख, एकूण रक्कम, बिल आणि पावती ग्राहकाला द्यायची हेही त्यातच आहे. मी दुसऱ्या मेलमध्ये नेमकं हेच लिहिलं, चार कार्बन प्रतींचे फोटो लावले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक खाली टाकला. भाषा लगेच मऊ झाली.

ज्या चौघींकडे छापील प्रत होती त्यांचा माल कंपनीने पाठवला. उरलेल्यांबद्दल म्हणणं असं की व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी म्हणजे ऑर्डर नव्हे. एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी, एकाच बाईला दिलेली ऑर्डर, आणि फरक फक्त एका निळ्या कागदाचा. मला हे अजून पटलेलं नाही, पण कागद किती बोलतो ते कळलं.

पोलिसांकडे अर्ज दिला आहे. वकील असलेल्या आतेभावाने समजावलं की सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि एका कामासाठी सोपवलेले पैसे दुसरीकडे वळवले असतील तर कलम ३१६. आमच्या अर्जात दोन्ही आहेत. "मिस्टरांचं खातं" इथे आमच्या उपयोगी पडलं, कारण पैसे कुठे गेले याचा माग बँकेत आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही फोन केला होता, पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंत ती रोखता येते. आम्हाला संशय यायलाच महिना लागला, खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

तेव्हा कुणाकडे अशी पार्टी ठरत असेल तर होस्टने पैशांना हात लावायचा नाही. चहा द्या, खुर्च्या मांडा, भेटवस्तू घ्या, पण प्रत्येकीचे पैसे तिच्याच फोनवरून कंपनीच्या नावाच्या खात्यात जाऊ देत. ग्रुपची सूट त्यामुळे बुडते असं कुणी म्हणालं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला तिच्यासमोरच फोन लावा. सूट खरी असेल तर तिथून कळेल, आणि खोटी असेल तर फोन लागण्याआधीच तिचा सूर बदलेल. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचा, कंपनीचं नसेल तर तिथेच थांबा, मग समोरची कितीही घाई करो. क्लोजिंग तिचं असतं, आपलं नसतं. आणि पावतीचं बुक संपलं असेल तर ऑर्डरही उद्यावर टाका.

आमच्यापैकी सहाजणींचे पैसे अजून अडकलेले आहेत. प्रत्येकीची तक्रार स्वतंत्र करतो आहोत, सोबत तिने मला पाठवलेल्या पैशांची नोंद आणि मी पुढे पाठवलेल्याची. फोंडा दक्षिण गोव्यात येतो, त्यामुळे मडगावचा जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा "देते, देते" ऐकत ती घालवू नका. पाचजणींच्या सह्या झाल्या. मामी म्हणतात, आधी डबे दाखव, मग सही.