मॅकशेनचा बायबल वाचनाचा तक्ता: रोज चार अध्याय, आणि ते निवडायचे आपण नाही

डिसेंबर आला की आमच्या मंडळीत कोणीतरी विचारतंच, वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र वाचायचंय, कुठला प्लॅन घेऊ? मग व्हॉट्सअपवर पीडीएफांचा पाऊस. मी बरेच प्लॅन बघितले, नव्वद दिवसांचा, फक्त नव्या कराराचा, विषयवार वचनांचा, पण ज्याला चिकटून राहिले तो सगळ्यात जुना आहे, रॉबर्ट मरे मॅकशेनचा. फुकट आहे, कॉपीराइटचा प्रश्न नाही, एका कागदावर मावतो. त्याचाच हा रिव्ह्यू, कारण मराठीत याबद्दल कोणी सविस्तर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

मॅकशेन हा स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा पाळक, सेंट पीटर्स चर्चचा. 1842 संपता संपता त्याने हा तक्ता आपल्या मंडळीसाठी बनवला, पुढचं वर्षभर सगळ्यांनी एकत्र वाचावं म्हणून. आणि मार्च 1843 मध्ये तो टायफसच्या तापाने गेला, वय फक्त 29. स्वतःच्याच तक्त्यातलं पहिलं वर्षही त्याला पूर्ण मिळालं नाही, आणि तरी आज जगभर लोक त्या तारखांप्रमाणे वाचतात. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक मार्टिन लॉईड-जोन्स वाचायचे, त्यांच्याकडून दुसरे इंग्लिश पाळक आणि लेखक जॉन स्टॉट यांनी घेतला.

रोज चार अध्याय, चार वेगवेगळ्या पुस्तकांतून. दोन कुटुंबासोबत वाचायला, दोन एकट्याने. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1. म्हणजे चार सुरुवाती एकाच दिवशी! वर्षाअखेर जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. मराठीत सावकाश वाचलं तर साधारण अर्धा तास लागतो, लेवीय किंवा यहेज्केलसारखा भाग असला तर थोडा जास्त.

आता मुद्द्याचं. मी शास्त्र वाचते ते देवाच्या कृपेबद्दल काहीतरी रोजच्या जगण्यात हाताला लागावं म्हणून, आणि आपण स्वतः निवडून वाचलं ना की आपण आपल्याला आवडणारीच कृपा वाचतो, स्तोत्र 23, उधळ्या पुत्राची गोष्ट, रोमकरांस 8, पुन्हा पुन्हा तेच. हा तक्ता निवडूच देत नाही, आणि त्याची खरी ताकद हीच.

20 जानेवारीचंच बघा, माझा सगळ्यात आवडता दिवस. उत्पत्ती 21 मध्ये अब्राहाम आपली दासी हागार आणि तिच्या पोराला भाकर आणि पाण्याची पखाल देऊन घराबाहेर काढतो, पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली टाकून लांब जाऊन बसते कारण त्याला मरताना बघवत नाही, आणि देव त्या मुलाचा आवाज ऐकतो आणि तिचे डोळे उघडतो तर समोर विहीर. वचन अब्राहामाच्या दुसऱ्या मुलाला, इसहाकाला दिलेलं, पण देव हाकलून दिलेल्या दासीच्या मागे रानात गेला. त्याच दिवशी मत्तय 20, द्राक्षमळ्यातले मजूर, सकाळपासून राबलेल्याला जेवढा रोज तेवढाच शेवटच्या तासाला आलेल्याला. त्याच दिवशी प्रेषितांची कृत्ये 20, तिथे प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबतं, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून पडतो, पौल खाली जाऊन त्याला कवटाळतो आणि तो जिवंत होतो. आणि याच अध्यायात पुढे पौल म्हणतो की मला माझ्या प्राणाची किंमत नाही, देवाच्या कृपेच्या सुवार्तेची साक्ष देणं पुरं व्हावं एवढंच. टाकून दिलेली बाई, उशिरा आलेला मजूर, झोप लागलेला पोरगा. या तिघांना शेजारी शेजारी बसवायचं मला तरी कधी सुचलं नसतं.

मत्तय 20 तर आमच्या घरात त्याच आठवड्यात घडलं म्हणा. मागच्या खोलीचं काम चालू होतं, एक मजूर सकाळी आला, दुसऱ्याला मुकादमाने दुपारनंतर आणलं, बिचारा सकाळपासून अड्ड्यावर उभा होता, कोणी नेलंच नव्हतं. संध्याकाळी ह्यांनी त्याला पूर्ण रोज दिला. सकाळी आलेला लगेच बोलला, साहेब, मग मी सकाळपासून कशाला घाम गाळला? अगदी शास्त्रातलंच वाक्य! आणि खरं सांगू का, त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, त्यालाही घर आहे, पोरं आहेत. पण अड्ड्यावर दुपारपर्यंत उभं राहिलेल्या माणसाच्या घरीही पोळ्या अर्ध्या लागत नाहीत. ठरलेला रोज सकाळच्याला मिळालाच होता, कमी काही झालं नव्हतं, तरी बोचलं. त्या दिवसापासून तो दाखला मी सकाळच्या मजुराच्या बाजूने वाचायला लागले, कारण लहानपणापासून मंडळीत वाढलेले आम्ही सगळे सकाळचेच मजूर आहोत, आणि कोणी काल विश्वासात आला आणि आज पुढे बसून प्रार्थना करायला लागला की आमच्या कपाळावर आठी येतेच.

अजून एक जोडी सांगते. त्याच 20 जानेवारीला एकट्याच्या वाचनात नहेम्या 10 असतो. सगळे लोक मोठ्या थाटात करार करतात, सह्या-शिक्के होतात, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळू, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देऊ, आमच्या देवाच्या मंदिराची हयगय करणार नाही. तीन दिवसांनी, 23 तारखेला नहेम्या 13 येतो, आणि त्यात एकूण एक वचन मोडलेलं! लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, शेतावर निघून गेलेत, शब्बाथला बाजार भरलाय, नहेम्या विचारतोय की देवाचं मंदिर असं का सोडून दिलंत. जानेवारीचे संकल्प जेव्हा ढिले पडायला लागतात नेमकं तेव्हा हे समोर येतं आणि मला त्यातून खूप धीर येतो, कारण तरीही देव त्या लोकांना सोडत नाही, त्यांच्याच वंशात पुढे येशू जन्मला ते तुम्ही त्याच महिन्यात मत्तयात वाचत असता.

नियमांनी भरलेला लेवीय एप्रिलमध्ये येतो आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. थांबू नका. अध्याय 19 मध्ये आज्ञा आहे की शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा. मग ऑगस्टमध्ये रूथ येते, मवाबी विधवा, परकी, सासूसाठी सरवा वेचायला बाहेर पडलेली, आणि एप्रिलमधला तो रुक्ष वाटलेला नियम एकदम एका बाईच्या ओच्यात धान्य होऊन पडतो. शेताचा मालक बवाज तर नियमाच्याही पुढे जातो, गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधली कणसं मुद्दाम तिच्यासाठी काढून टाका आणि तिला धमकावू नका. माझी आजी नगरकडची, ज्वारीची काढणी झाली की सरवा वेचायला बायका यायच्या ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं, ती हा भाग ऐकला की म्हणायची, धान्य देणं सोपं गं, पण वेचणारीला लाज वाटू नये असं द्यायला अक्कल लागते.

कमी काय आहे तेही सांगते. नव्याने वाचणाऱ्याला चार पुस्तकांमध्ये रोज उड्या मारणं जड जातं, काल कुठे होतो तेच आठवत नाही. लहान मुलांसोबत दोन अध्याय म्हणजे जास्तच, आम्ही मोठा अध्याय असला तर गोष्टीचा भाग तेवढा मोठ्याने वाचतो. आणि इतिहास नावाच्या पुस्तकांतल्या वंशावळ्या नवा करार दोनदा वाचण्याच्या घाईत फक्त नजरेखालून जातात, तिथे तक्त्याचा वेग अडचणीचा ठरतो. घाई नको असेल तर कुटुंबाचे दोन रकाने यावर्षी आणि एकट्याचे दोन पुढच्या वर्षी, असं दोन वर्षांत करा, बरेच जण तसंच करतात आणि माझ्या मते नोकरी करणाऱ्यांनी तसंच करावं.

मराठीत वाचायचं तर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं नेहमीचं पवित्र शास्त्र, जे उपासनेत वाचलं जातं, ते स्तोत्रांसाठी मला हवंच, त्याची लय कानात बसलेली आहे. पण पत्रं, म्हणजे रोमकरांस, गलतीकरांस वगैरे, सोप्या मराठीतल्या आवृत्तीतून घ्या, पौलाची लांबलचक वाक्यं तिथे बरीच सुटसुटीत होतात. मोबाईलवर यूव्हर्जनच्या बायबल ॲपमध्ये मराठी आहे, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, प्लॅनच्या यादीत मॅकशेन शोधला की सापडतो. मी मात्र तारखा वहीत मराठी नावांनी उतरवून घेतल्यात, कारण फोन हातात आला की दुसरंच काहीतरी उघडतं.

एक गोष्ट मला या माणसाची फार आवडते. तक्ता देताना त्याने फायद्यांच्या आधी धोके लिहिले. वाचन नुसता रिवाज होईल, आपण किती धार्मिक असं वाटायला लागेल, नजर फिरवून मोकळं व्हाल, आणि काहींना हे न पेलणारं जू होईल. असं कोण लिहितं स्वतःच्या प्लॅनबद्दल? म्हणून ॲपमध्ये रोजची सलग मोजणी दिसते ना, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आठवडा राहून गेला तर मागचे अठ्ठावीस अध्याय एका रविवारी उरकू नका, सरळ आजच्या तारखेवर या, राहिलेलं पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत येणारच आहे. जानेवारीची वाट बघायचीही गरज नाही, तक्ता उघडा, आजची तारीख बघा, पहिल्या दोन रकान्यांपासून सुरू करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो वंशावळ्यांच्या वेगासाठी. वहीतली मराठी यादी कुणाला हवी असेल तर खाली सांगा, फोटो काढून टाकते, फेब्रुवारीचं पान थोडं पुसट आलंय पण वाचता येतं.