जुनं सामान विकायचं ॲप, ५ पैकी ३ स्टार
ॲप वापरायला सोपंय, फोटो टाकले की १० मिनिटांत मेसेज सुरू, पण त्यातले अर्धे भामटेच म्हणा ना. मी स्टडी टेबल टाकलं तर एकजण न बघता, घासाघीस न करता लगेच तयार, तिथेच खटकलं (एक पाय डुगडुगतो असं स्पष्ट लिहिलेलं तरी!). मग पेमेंटचा स्क्रीनशॉट आला आणि वर 'चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा'. स्क्रीनशॉट काय कोणीही बनवतं, बँकेच्या ॲपमध्ये बघितलं तर दमडी आली नव्हती. नंतर म्हणे कुरिअरवाला येईल, या लिंकवर कार्ड नंबर आणि ओटीपी टाका. अरे, पैसे घ्यायला ओटीपी कशाला? रिपोर्ट केलं तर ४ दिवसांनी त्याचं अकाउंट बंद केलं, म्हणून २ स्टार कापले. टेबल अजून घरातच आहे.