इंजिन बांधून घेताय? ऑइलचा डबा आधी बघा

इंदूरमध्ये जुन्या गाडीचं इंजिन बांधून घेणार असाल, तर ऑइल आपलं आपण आणून द्या. आमच्या मारुती ८०० चे सिलिंडर बोअर करून (आतून किंचित मोठे कापून) नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. मिस्त्रीचा हात चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. गोम निघाली ऑइलमध्ये. "मॅडम, नॉर्मल ऑइल में रिंगें नहीं बैठेंगी," म्हणत त्याने ‘रनिंग स्पेशल, इम्पोर्टेड’ असं स्टिकर लावलेला डबा पुढे केला. भाव साध्या ऑइलच्या तिप्पट.

मेख अशी की बोलण्यात थोडं तथ्य होतं. हॉनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासताना, त्याच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. तिच्यावर घासूनच रिंगा बसतात. सुरुवातीलाच फार निसरडं सिंथेटिक घालू नये, असं बहुतेक मिस्त्री म्हणतात, कारण रिंगा नीट बसल्या नाहीत की गाडी ऑइल प्यायला लागते. पण त्यावरचा उपाय म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारं साधं मिनरल ऑइल! ते ५०० ते १००० किलोमीटरला फिल्टरसकट बदलायचं, म्हणजे झिजेची भुकटी बाहेर पडते. (शोरूमच्या नव्या गाडीला यातलं काहीच नको, पुस्तिकेत लिहिलंय तेच घालायचं.)

आमच्या गाडीचा, ऑइलचा दाब कमी झाला की लागणारा लाल दिवा पलासियाच्या सिग्नलवर लुकलुकायला लागला. इंजिन तापलेलं असलं की हमखास. रेस दिली की विझायचा. "नया इंजन है, होता है," हे मिस्त्रीचं उत्तर. माझा मावसभाऊ पीथमपूरला कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. त्याने डिकीतला उरलेला डबा हुंगला, नखाने स्टिकर सोललं. खाली छापलेलं: ‘हायड्रॉलिक ६८’. "ताई, हे तर आम्ही कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये घालतो!"

हे ऑइल तापल्यावर २० नंबरच्या इंजिन ऑइलइतकं पातळ होतं (नंबर जितका मोठा, तितकं ऑइल घट्ट). आपल्या उन्हाळ्यात जुन्या इंजिनाला ४० लागतं. दाब टिकणार कसा? शिवाय काजळी धरून ठेवणारी डिटर्जंटं यात नसतात, सगळा गाळ तळाशी बसतो.

डब्यावर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जाचा ग्रेड बघा, पेट्रोलसाठी एस अक्षराने सुरू होणारा. २०डब्ल्यू-४० सारखा घट्टपणाचा आकडा, बॅच नंबर, तारीख, शाबूत सील हेही बघा, आणि डबा समोर फोडायला लावा. वर स्टिकर चिकटवलेला डबा परत द्या. पक्कं बिल मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

सोललेलं स्टिकर दाखवल्यावर मिस्त्रीने ऑइलचे पैसे मुकाट्याने परत केले. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडून साफ करण्याचा खर्च मात्र आमच्याच माथी बसला, कारण त्याने दिलेल्या चिठ्ठीवर ‘सामान’ एवढंच लिहिलं होतं.